चौदा उतरवले, अकरा परत आले

“सप्रेम नमस्कार. मी ४३ वर्षांची, उंची पाच फूट दोन इंच, नाशिकला एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नासाठी हट्टाने वजन उतरवलं, सात महिन्यांत ८२ वरून ६८. भात बंद, गोड बंद, रात्री नुसतं सूप. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. आज काटा ७९ दाखवतो. अजूनही सकाळी चहा-बिस्किट, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, रात्री सूप. पूर्वीपेक्षा जास्त मी खात नाही. पण सगळं आवरून ओटा पुसला की साडेनऊ-दहाला अशी खा खा सुटते की चिवड्याचा डबा कधी रिकामा झाला ते कळत नाही. मग बारापर्यंत झोप नाही, आणि पाचला नळाला पाणी येतं. मिस्टर म्हणतात, तुझा तोंडावर ताबाच नाही. सासूबाई माझ्या पोळ्या मोजतात. ऑफिसातली मैत्रीण आठवड्यातून एकदा पोटात टोचायचं इंजेक्शन घेते, ती झरझर उतरतेय. माझ्यातच जिद्द कमी आहे का? ते इंजेक्शन मी घेऊ का? आणि लग्नासाठी शिवलेला पैठणीवरचा ब्लाऊज आता दंडावरून वर सरकत नाही, त्याचं काय करू?
— थकलेली, नाशिक”

ताई,

ब्लाऊजचं शेवटी सांगते. आधी जिद्दीचं.

पाचला उठून पाणी भरणारी, दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचा पै-पैचा हिशेब जुळवणारी आणि सात महिने भाताकडे न बघता राहिलेली बाई जिद्दीत कमी पडते, असं म्हणायचं धाडस मी तरी करणार नाही. पूर्वी केलं असतं. दवाखाना सुरू केला तेव्हाची दहा-बारा वर्षं मी तुमच्यासारख्या बायकांना “कमी खा, जास्त चाला” एवढं सांगून पुढच्या पेशंटला हाक मारायची. त्या पुन्हा यायच्या, वजन वाढलेलं असायचं, आणि मी मनात म्हणायची, ऐकत नाहीत. आता त्याची लाज वाटते. ऐकत नव्हतं ते त्यांचं शरीर, आणि त्याला न ऐकण्याची कारणं होती.

तुमचं वजन परत आलं ते तुमच्या मेंदूने आणलं. त्याच्या लेखी त्याने तुमचा जीव वाचवला.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस. तहान, ताप, पाळी, झोप यांच्यासोबत भुकेचा कारभारही तिथून चालतो. १९४० मध्ये अमेरिकेत हेदरिंग्टन आणि रॅन्सन या दोघांनी उंदरांच्या या भागात मधोमध, अगदी बारीक इजा केली. उंदीर फुगत गेले. पुढे १९५१ मध्ये येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद या भारतीय शरीरशास्त्रज्ञाने ब्रॉबेक यांच्याबरोबर त्याच भागाच्या दोन्ही कडांना इजा करून पाहिली, तर उंदरांनी खाणंच सोडलं. समोर अन्न असून उपाशी राहिले. हेच डॉ. आनंद नंतर दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे विभागप्रमुख झाले. गहूभर जागा इकडची तिकडे झाली की एक उंदीर खादाड ठरतो आणि दुसरा विरक्त. त्या उंदरांना कोणी तोंडावर ताबा ठेवायला सांगितलं नाही.

पण मेंदूला कळतं कसं, की अंगावर चरबी किती आहे? त्याला काही काट्यावर उभं राहता येत नाही.

याचं उत्तर मिळायला काही जाडे उंदीर कारणी लागले. १९४९ मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत एका वाणाच्या उंदरांमध्ये काही पिल्लं आपोआपच बेसुमार लठ्ठ निघाली, सतत खाणारी. पुढे तिथेच डग्लस कोलमन यांनी असा एक लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर यांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडलं. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात असं काहीतरी होतं जे ‘पुरे’ म्हणत होतं, आणि लठ्ठ उंदराकडे तेच नव्हतं. ते ‘काहीतरी’ हाती लागायला १९९४ उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांना त्याचा जीन, म्हणजे जनुक, सापडला. त्यातून बनणाऱ्या हॉर्मोनला लेप्टिन म्हणतात, आणि ते बनतं कुठे, तर चरबीतच.

आपण चरबीला अडगळ समजतो, माळ्यावर टाकलेल्या गादीसारखी. ती अडगळ नाही, रोज मेंदूला हिशेब पाठवणारी तिजोरी आहे. तुम्ही कॅशियर आहात, तुम्हाला हे चटकन कळेल. शिल्लक भरपूर तर लेप्टिन भरपूर, मेंदू निवांत. शिल्लक घटली की लेप्टिन घटतं, आणि वरच्या साहेबाला वाटतं, दुष्काळ पडला. मग तो दोन हुकूम काढतो: खर्च कमी करा, आणि मिळेल तिथून आवक वाढवा. तुम्ही भाच्याच्या लग्नासाठी उतरवताय हे त्याला कोणी कळवलेलं नसतं.

मग जाड माणसात लेप्टिन भरपूर असून भूक का थांबत नाही, असं तुम्ही विचाराल. कारण चिठ्ठी पोचते, पण वाचली जात नाही; मेंदू तिला बधिर होतो. म्हणून लेप्टिनची इंजेक्शनं देऊन सगळ्या जगाचा लठ्ठपणा जाईल ही आशा फोल ठरली. ज्यांच्या शरीरात ते बनतच नाही अशा मोजक्या माणसांना मात्र त्याचा विलक्षण उपयोग झाला. १९९७ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांबद्दल लिहिलं. मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. मुलगा दोन वर्षांचा, २९ किलो. दिवसरात्र भूक. दोघांच्या लेप्टिनच्या जीनमध्ये जन्मजात दोष होता. नंतर लेप्टिन टोचायला सुरुवात केल्यावर त्या मुलीची वखवख शमली आणि वजन उतरू लागलं. तोवर तिच्या आईने नातेवाइकांचं काय काय ऐकून घेतलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. तुमचं तसं नाही. तो आजार अतिशय दुर्मीळ आहे. पण भूक ही नुसती स्वभावाची नाही, रसायनाचीही गोष्ट असते, हे त्या पोरीने सगळ्यांना दाखवून दिलं.

आता तुमचे साडेनऊ. भूक लावणारं हॉर्मोन जठरात बनतं, घ्रेलिन. १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी ते शोधलं. त्याची गंमत अशी की ते घड्याळ पाळतं. रोज ज्या वेळी खाता त्या वेळेआधी ते रक्तात चढतं, जेवलं की उतरतं. तुम्ही वर्षभर साडेनऊला चिवड्याचा डबा उघडताय. शरीराने ती जेवणाची वेळ म्हणून लिहून घेतली आहे. त्यात तुमचा दिवस बघा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन पोळ्या, रात्री सूप. सूप म्हणजे मीठ घातलेलं गरम पाणी, त्याला जेवण म्हणू नका. दिवसभर शरीराची उधारी थकवायची आणि रात्री ते वसुलीला आलं की त्यालाच अधाशी म्हणायचं, हा कुठला न्याय? आपल्याकडे म्हणतातच, एकादशी अन् दुप्पट खाशी. आपण ते थट्टेने म्हणतो, पण त्या म्हणीत चांगलं शास्त्र आहे.

१९४४-४५ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हे तरुण स्वेच्छेने आले होते. युद्धात शस्त्र हाती घ्यायला त्यांनी तत्त्वासाठी नकार दिला होता, म्हणजे मनाचे किती पक्के असतील बघा. त्यांचं वजन चतुर्थांशाने उतरलं, आणि त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटल्या चाटायचे, चिडचिड करायचे. नंतर पोटभर मिळायला लागलं तरी कित्येकांचं बराच काळ समाधान होईना. पोट भरलेलं असायचं, भूक तशीच. मिस्टरांना ही गोष्ट सांगा. बंदुकीला न घाबरलेली माणसं पावाच्या तुकड्यापुढे हरली.

हे तात्पुरतं असतं, शरीर लवकर विसरतं, असंही नाही. मेलबर्नमध्ये ५० लठ्ठ माणसांना दहा आठवडे अगदी कमी खायला देऊन वजन उतरवलं आणि वर्षभराने त्यांची हॉर्मोन्स पुन्हा मोजली; हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लेप्टिन अजून खाली, घ्रेलिन अजून वर, आणि भूक सुरुवातीपेक्षा जास्तच. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या टीव्हीवरच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तर त्यांचं शरीर नुसतं पडून राहण्यासाठी अपेक्षेपेक्षा दिवसाला साधारण ५०० कॅलरी कमी जाळत होतं. चार-पाच पोळ्या झाल्या त्या. ती माणसं अघोरी पद्धतीने उतरली होती, तुमचा फरक बराच कमी असणार. पण दिशा तीच. म्हणून “पूर्वीपेक्षा जास्त खात नाही” हे तुमचं वाक्य मला खोटं वाटत नाही. फक्त ६८ किलोच्या शरीराला ८२ किलोच्या शरीराएवढं लागतच नव्हतं. शिवाय डब्यातून मुठीने खाल्लेलं कुणाच्याच हिशेबात येत नाही. माझ्याही येत नाही.

इंजेक्शनकडे वळते, कारण पत्र लिहायचं खरं कारण तेच असावं.

जेवलं की आतडं जीएलपी-१ नावाचं हॉर्मोन सोडतं. ते मेंदूला ‘बास’ सांगतं, जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं, इन्शुलिनला मदत करतं आणि काही मिनिटांतच नाहीसं होतं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या हिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखाच, पण जास्त टिकणारा पदार्थ सापडला आणि त्यावरून मधुमेहासाठी या जातीचं पहिलं औषध २००५ मध्ये आलं. त्याच जातीचं आजचं औषध, सेमाग्लुटाइड, आठवडाभर टिकतं. म्हणजे तुमच्या मैत्रिणीची जिद्द वाढलेली नाही. तिच्या मेंदूला ‘पुरे’ची चिठ्ठी आता आठवडाभर मिळते आहे. ही औषधं घेणारे बरेच पेशंट सांगतात, डोक्यात चाललेली खाण्याची भुणभुण थांबली. मला यातलं सगळ्यात बोलकं तेच वाटतं. आपण ज्याला मनावरचा ताबा म्हणत होतो, ते निदान काही अंशी एका हॉर्मोनच्या मात्रेवर ठरत होतं.

सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. आणि बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन तृतीयांश परत आलं. मघाचंच गणित. बीपीची गोळी सोडली की बीपी चढतं, तसं. म्हणून ‘लग्नापुरतं घेते’ या हिशेबाने ते घेऊ नये. २०२५ मध्ये मोंजारो आणि वेगोव्ही (म्हणजे सेमाग्लुटाइडच) ही अशी दोन्ही इंजेक्शनं वजनासाठी भारतात मिळू लागली. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३२ च्या घरात येतो, त्यामुळे डॉक्टरांशी याबद्दल बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यात शरमेचं काही नाही. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे बऱ्याच जणांना होतं. पित्ताशयात खडे होऊ शकतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर हे औषध नको. आणि नीट खाल्लं नाही, हातापायांना काम दिलं नाही, तर चरबीसोबत स्नायूही जातात. मैत्रिणीच्या पेनमधून ‘एकदा टोचून बघू’ हे मात्र अजिबात करायचं नाही. मात्रा प्रत्येकाची वेगळी, आणि एका पेनने दोघींनी टोचणं तसंही घातकच. सुई बदलली तरी.

मी तुमच्या जागी असते तर आधी तपासण्या केल्या असत्या. थायरॉइडसाठी टीएसएच, गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेसाठी एचबीए१सी, रक्तातल्या चरबीसाठी लिपिड. पाळी मागेपुढे होऊ लागली आहे का, घोरता का, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे डॉक्टरांना सांगा. स्टेरॉइडने, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनी, मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्यांनीही वजन चढतं. आणि शिंप्याचा टेप घेऊन बेंबीच्या थोडं वर, श्वास सोडून कंबर मोजा. आपल्याकडे बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे आठवतं. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांनी आपला दोघांचा फोटोच २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला होता. बीएमआय दोघांचा हुबेहूब, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२. आपली माणसं दिसतात बारीक, आत चरबी बाळगून असतात, आणि पुण्याजवळच्या खेड्यांतल्या अभ्यासात ही खोड जन्मलेल्या बाळांपर्यंत पोचलेली दिसली. तेव्हा काट्यावर किती भरतं यापेक्षा कंबर आणि साखर काय म्हणते, ते मला आधी ऐकायचं आहे.

६८ चा आकडा डोक्यातून काढा. तो लग्नाचा आकडा होता. आत्ताच्या वजनातून चार किलो गेले आणि तिथेच राहिले तरी साखर आणि रक्तदाब यांच्यात फरक पडू शकतो. चार किलोंवर मेंदू इतका खवळत नाही.

सकाळी चहा-बिस्किटावर निघू नका. दोन अंडी, किंवा मुगाचं धिरडं, किंवा रात्रीची उरलेली मटकीची उसळ दह्याबरोबर. प्रथिनं आणि चोथा असला की पोट जास्त वेळ गप्प राहतं. डब्यात भाजीबरोबर घट्ट वरण किंवा उसळ न्या. रात्री भाकरी खा, ताई! एक ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा डाळमेथी, काकडीची कोशिंबीर, ताक. आठच्या आत झालं तर उत्तम, नाही झालं तर नवाला, पण सूप नको. पहिले दहा-पंधरा दिवस साडेनऊला घ्रेलिन हजेरी लावेलच. तेव्हा एक वाटी दही किंवा मूठभर फुटाणे ताटलीत काढून, बसून खा. डब्यातून नाही. चिवडा-फरसाण घरात आणणं कमी झालं पाहिजे, आणि ते एकट्या तुमच्या हातात नाही. अमेरिकेत २० जणांना दोन-दोन आठवडे, एकदा कारखान्यातून आलेलं पाकीटबंद खाणं आणि एकदा घरगुती पद्धतीचं, हवं तेवढं खा म्हणून दिलं. पाकिटातल्या खाण्याच्या दिवसांत ती माणसं रोज ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. त्यांनाही कळलं नाही.

झोपेचं मला सगळ्यात कठीण दिसतंय. बारा ते पाच म्हणजे पाच तास. शिकागोमध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं; दोनच रात्रींत. तुमचं वर्षानुवर्षं चाललंय. पाचचं पाणी दुसऱ्या कोणी भरायचं हे घरात ठरवा. मिस्टरांना तुमच्या वजनाची एवढी काळजी आहे ना? मग आठवड्यातले चार दिवस मोटर त्यांनी लावायची. मला यापेक्षा स्वस्त औषध माहीत नाही. त्यांना ते कडू लागेल.

चालता का, ते लिहिलेलं नाही. चाला, पण चालण्याने वजन धडाधड उतरेल असं धरू नका. उतरलेलं टिकवायला ते जास्त उपयोगी. आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जड काम द्या: खुर्चीवरून हात न टेकता वीसदा उठणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं.

सासूबाईंना पोळ्या मोजू द्या. त्यांना म्हणा, मोजताच आहात तर उसळीच्या वाट्याही मोजा, दोन झाल्याशिवाय मला उठू देऊ नका. मोजणाऱ्या माणसाला काम लागतं.

आता ब्लाऊज. चांगल्या शिंप्याने शिवला असेल तर बाजूच्या शिवणीत आणि बाहीत इंच-दीड इंच माया ठेवलेली असते. उलटा करून बघा. असेल तर उसवून घ्या. जुन्या टाक्यांच्या खुणा वाफेच्या इस्त्रीने बऱ्याचशा जातात. दंडाला तरी कमी पडला तर काखेत त्याच रंगाचा जोड घालता येतो, हात खाली असला की कळतही नाही. दिवाळीला नेसायची असेल तर आत्ताच टाका, ऐन दिवाळीच्या तोंडावर शिंपी जुनं काम हातात घेत नाही.